झोळीतलं पिल्लू

मला फोन येतो तो बहुतेक वेळा पिल्लू घरात येऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर. तोवर सोफ्याचे कोपरे कुरतडून झालेले असतात, मुलांच्या मनगटांवर ओरखडे असतात, आणि पिल्लू नक्की कोणाच्या हट्टामुळे आलं यावरून घरात एक भांडणही होऊन गेलेलं असतं. "ताई, एकदा येऊन बघून जा ना." मी जाते. पुण्यात कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दार उघडल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरी आणलं तेव्हा पिल्लू किती दिवसांचं होतं?

"तीस-पस्तीस दिवसांचं. ब्रीडर म्हणाले, लहान असतानाच न्या, लळा लवकर लागतो."

हे ऐकलं की त्या पिल्लाची आई माझ्या डोळ्यांसमोर येते, तिला मी कधी पाहिलेलं नसलं तरी. पिल्लांचे डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात कान ऐकू लागतात. चौथ्यापासून भावंडांची मारामारी सुरू होते, आणि तोवर सुईसारखे दुधाचे दात आलेले असतात. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला की दुसरा किंचाळतो आणि खेळ सोडून निघून जातो. पिताना आईला दात लागला की ती गुरगुरते, उठून चालू लागते. जबड्याचा जोर किती लावायचा, हे पिल्लू इथे शिकतं. चौथ्या ते आठव्या आठवड्यातली ही शिकवणी आई आणि भावंडांकडेच होते. पस्तिसाव्या दिवशी तोडलेलं पिल्लू ती अर्धवट सोडून आलेलं असतं, आणि उरलेला अभ्यास ते आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या हातावर करतं. त्याला "चावरं" म्हणणं मला मनापासून खुपतं.

ब्रीडरचा हिशेब मला कळतो. महिनाभरानंतर आईचं दूध पुरत नाही, पिल्लांना खायला घालावं लागतं, जंतांचं औषध, पहिली लस, सगळा खर्च तिथून सुरू होतो. आणि त्याच वयात ती सगळ्यांत गोंडस दिसतात. पण केंद्र सरकारने 2017 मध्ये कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे नियम केले, त्यात आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागायला लोक संकोचतात. फ्लॅट घेताना सात-बारा बघणारी माणसं पुढची बारा-तेरा वर्षं घरात राहणाऱ्या जीवासाठी मोबाइलवरचा एक फोटो बघून पैसे पाठवतात.

म्हणून हल्ली मी विनवणी करते की फोन आधी करा. पिल्लू बघायला जाताना मी सोबत येते, आणि आधी पिल्लाकडे न बघता आईकडे बघते. आई दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तिथून परत फिरायचं. आई अनोळखी माणसाजवळ येते का, हात पुढे केला तर अंग चोरते का, तिचं पोट, तिची कातडी, तिच्या राहण्याच्या जागेचा वास, यातून जे कळतं ते कुठल्याही वंशावळीच्या कागदावर नसतं. भित्र्या आईची पिल्लं भित्री निघण्याचा संभव बराच असतो. काही रक्तातून येतं, काही तिच्याकडे बघून.

मग पिल्लं. नुसतं पोटच फुगलेलं आणि बरगड्या दिसत असतील तर जंत आहेत. हिरड्या गुलाबी हव्यात, डोळ्यांत चिपाडं नकोत, शी घट्ट हवी. पिल्लाला उताणं धरून, टाळ्या वाजवून त्याचा स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या आहेत. सात-आठ आठवड्यांच्या वयात त्यावरून मोठेपणीचं भाकीत फारसं वर्तवता येत नाही, असंच अभ्यासातून दिसलं आहे आणि माझा अनुभवही तोच आहे. मी फक्त एवढं बघते: किल्ल्यांचा जुडगा थोडा लांब जमिनीवर टाकला तर पिल्लू दचकतं, ते ठीकच आहे, पण दचकल्यावर पुन्हा हुंगायला पुढे येतं का? जे येतं, त्याच्यासोबत राहणं सोपं जातं.

जातीबद्दल मी जरा स्पष्ट बोलते. आपल्याकडच्या मे महिन्यात सैबेरियन हस्की पाळू नये. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यात धाप लागते ती लाडाची गोष्ट नव्हे, त्याला खरोखर श्वास पुरत नसतो. बीगल ही सशाचा माग काढत टोळीने भुंकत धावण्यासाठी घडवलेली जात. तिला सकाळी नऊ ते रात्री आठ बंद फ्लॅटमध्ये ठेवल्यावर ती भुंकणारच. आणि आपलं गावठी कुत्रं, ज्याला आता लोक इंडी म्हणतात, ते या हवेसाठीच बनलेलं आहे. ते "आपोआप मोठं होतं" अशी समजूत मात्र खोटी आहे. त्यालाही तेवढंच शिकवावं लागतं, आणि तेवढ्याच घाईने.

घाई हा शब्द मी जाणून वापरते. माझ्या सगळ्या कामाचा गाभा या घाईत आहे.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1965 चं आहे. तिथलाच एक प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं माणसांपासून दूर वाढवली. काहींना दोन, काहींना तीन, पाच, सात, नऊ आठवड्यांची झाल्यावर प्रत्येकी एकेक आठवडा माणसांत आणलं आणि परत सोडलं. काहींना चौदा आठवडे माणसाची सोबत मिळालीच नाही. या शेवटच्या पिल्लांना पुढे कितीही लळा लावायचा प्रयत्न केला तरी ती रानटी प्राण्यासारखी बुजरीच राहिली. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टीला "हे असतं" म्हणून स्वीकारतं. त्यानंतर नवी गोष्ट आधी संशयाची ठरते. काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, बुरखा, छत्री, रांगणारं मूल, फेरीवाल्याची आरोळी: ज्याची ओळख या काळात झाली नाही, त्याची ओळख पुढे करून देता येते, पण महिनोन्महिने घासून.

आणि नेमक्या याच काळात डॉक्टर सांगतात, लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली ठेवू नका.

डॉक्टरांचं चूक नाही. पार्व्होने पिल्लं कशी जातात ते मी पाहिलं आहे. संध्याकाळी खेळणारं पिल्लू रात्री उलट्या करतं, रक्ताची शी होते आणि पाणी पोटात ठरत नाही. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. बरं, लस एकदा टोचली आणि झालं असंही नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला वाचवते आणि तीच लसीला निष्प्रभही करते. ती कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यायचे आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर. म्हणजे लसीकरण पूर्ण होतं तेव्हा मनाचं दार लागलेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने यावर स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस आणि जंतांचं औषध दिल्यावर आठवड्याभराने पिल्लाला स्वच्छ जागी, लसीकरण झालेल्या कुत्र्यांच्या सोबत आणावं, कारण तीन वर्षांखालची कुत्री रोगापेक्षा वर्तनाच्या समस्यांमुळे जास्त मरतात. तिकडे त्यांना सुई देतात. आपल्याकडे रात्री गाडीतून नेऊन हायवेला सोडून देतात.

ज्या डॉक्टरांसोबत मी काम करते त्यांच्याशी या विषयावर माझं पुष्कळ बोलणं झालं आणि त्यातून आम्ही आमची रीत ठरवली. पिल्लाचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत, पण पिल्लाला घरात कोंडायचंही नाही. ओढणीची झोळी करायची, ती छातीशी बांधायची आणि पिल्लू त्यात ठेवून बाहेर पडायचं. मी अशी पिल्लं घेऊन मंडईच्या कडेला उभी राहिले आहे, शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर, स्वारगेटच्या स्टँडबाहेर, जिथे एसटी वळताना हवेचा ब्रेक फुसकारतो. जुलैपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे बऱ्याच अंतरावर थांबायचं. पिल्लू उकडलेल्या चिकनचा तुकडा खातंय तोवर अंतर बरोबर आहे. त्याने तुकड्याकडे पाठ फिरवली की मागे सरायचं. घाबरलेलं पिल्लू खात नाही, आणि हे मोजमाप कधी फसत नाही. लोकांनी हात लावायला पुढे यावं असंही नाही. बघणं, ऐकणं, हुंगणं आणि पुन्हा झोपी जाणं पुरेसं असतं.

श्रावणात जन्मलेली पिल्लं दिवाळीत या काळाच्या मध्यावर किंवा शेवटाला असतात. त्यांच्यासाठी नवरात्रापासूनच फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून समोर जेवणाची वाटी ठेवायची आणि आवाज रोज किंचित वाढवायचा. जी घरं हे करतात, त्यांचे मला लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन येत नाहीत.

धायरीजवळच्या एका घराबद्दल सांगायलाच हवं. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सूनबाई बँकेत, मुलगा कामानिमित्त महिन्यातून पंधरा दिवस बाहेर आणि नातू सातवीत. शेजारच्या बांधकामावर कुत्री व्याली होती. नातवाला त्यातलं तांबूस पिल्लू हवं होतं आणि ते उचलून आणणं अगदी सोपं होतं. सूनबाईंनी आधी मला फोन केला. मी म्हटलं, थांबा, आणि तोवर आईला खाऊ घाला. त्या घराने पुढचे काही आठवडे वॉचमनच्या खोलीमागे रोज भात आणि अंडी नेली. कुत्री नातवाच्या मांडीवर डोकं ठेवायला लागली. पिल्लं तिच्याकडे बघत होती. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर तांबू घरी आला, आणि आला तो माणसांबद्दल मनात शंका न ठेवता. आईची नसबंदीही त्यांनीच करून घेतली.

पहिली रात्र पिल्लू रडतं. गॅलरीत ठेवून "सवय होईल" म्हणणारी घरं पुष्कळ आहेत. जन्मात प्रथमच एकटं पडलेलं पिल्लू थकून गप्प होतं, त्याला सवय म्हणत नाहीत. तांबूचा खोका काकांच्या पलंगाला लागून होता. रात्री कुईं केलं की काकांचा हात खाली यायचा.

शी-शूसाठी मी सांगते की झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच एकाच जागी न्या आणि काम झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. वरच्या मजल्यावरच्या घरात ही जागा सुरुवातीला गॅलरीतला ट्रे. काकांनी यासाठी एक वही घातली. अक्षर तेच, तिकिटांच्या हिशेबाचं. "5.10, शू, जागेवर. 7.40, शी, जागेवर. 2.35, शू, देवघराजवळ." ती वही वाचताना मला फार आनंद झाला, कारण देवघराजवळच्या सगळ्या नोंदी दुपारी दोन ते तीनमधल्या होत्या. त्या वेळी काका वामकुक्षी घेत. पिल्लाला वेळ कळत होती, पण दार उघडणारं कोणी नव्हतं. काकांनी झोप अर्धा तास पुढे ढकलली आणि देवघर कोरडं झालं. तिथली फरशी पुसायलाही मी वेगळं सांगितलं होतं: अमोनियाचा वास असलेलं क्लीनर वापरायचं नाही, पिल्लाला तो वास लघवीसारखाच वाटतो. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी मारणं याने पिल्लू एकच शिकतं, की माणसांसमोर शू करू नये. मग ते पलंगामागे करतं आणि लोक म्हणतात, बघा कसं डूख धरतं.

मारण्याबद्दल माझं मत कठोर आहे आणि ते वर्षागणिक अधिकच कठोर होत चाललं आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प केलं की पुढच्या वेळी ते गुरगुरत नाही, थेट चावतं. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना असते. ती शाबूत राहायला हवी. वाटी राखणाऱ्या पिल्लाची वाटी हिसकावून "मालक कोण" दाखवणाऱ्यांना मी उलटं करायला सांगते: ते खात असताना जवळून जा आणि वाटीत पनीरचा तुकडा टाका. माणूस जवळ येतो म्हणजे वाढायला येतो, हे कळलेलं कुत्रं कशाला राखेल? बक्षीस मात्र लगेच, सेकंदाच्या आत. "बस" म्हटल्यावर ते बसलं आणि आपण डबा शोधायला स्वयंपाकघरात गेलो, तर खाऊ मिळतो तो उठून मागे आल्याचा.

खाऊवरून एक सांगते. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका पिल्लाला देऊ नका. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, थोड्याशानेही. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. आजींना हे सांगताना वाईट वाटतं, कारण त्यांचं देणं प्रेमातून असतं. मी त्यांना उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवलेली डबी देते, म्हणजे त्यांचा हात रिकामा राहत नाही.

"हायपर आहे हो आमचं" म्हणून ज्या पिल्लांबद्दल तक्रार येते, त्यातली कितीतरी नुसती झोपेला मोताद असतात. या वयात दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते. शाळेतून आलेली मुलं, शेजारची मुलं, रात्री आलेले बाबा, प्रत्येक जण त्याला उठवतो. संध्याकाळी सातला ते वेड्यासारखं गोल पळतं, पायाचे लचके काढतं. एका कोपऱ्यात चादर टाकून "इथे असेल तेव्हा हात लावायचा नाही" एवढा नियम घरात पाळला तरी आठवड्यात फरक दिसतो. चावण्याचा जोर चौथ्या महिन्यापासून वेगळ्या कारणाने वाढतो: दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के येतात. ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये गार केलं आणि चघळायला दिलं की बरं वाटतं.

एकटं राहणं हाही शिकवण्याचा विषय आहे, हे 2020 च्या टाळेबंदीने दाखवलं. घरात माणसं चोवीस तास असताना आलेली ती पिल्लं दीड-दोन वर्षांची झाली आणि ऑफिसं उघडली. दारं ओरबाडून पंजे रक्ताळलेली कुत्री मी त्या काळात जितकी पाहिली तितकी आधी पाहिली नव्हती. ती बिघडलेली नव्हती, रिकामं घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता मी पहिल्या आठवड्यापासून सांगते: दूध आणायला जाताना निरोप न घेता जा, दोन मिनिटांत या, आल्यावर गाजावाजा करू नका.

तांबू सहा महिन्यांचा होईतो सगळ्या सोसायटीचा लाडका झाला होता. मग आठव्या महिन्यात काकांचा फोन आला आणि आवाज पडलेला होता. "ताई, माझं ऐकतच नाही. खाली वॉचमनने बोलावलं की जातो, माझ्याकडे बघून दुसरीकडे पळतो." मी त्यांना सांगितलं की 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांमध्ये हेच पाहिलं: आठ महिन्यांच्या वयात ती अनोळखी माणसाचं ऐकतात आणि स्वतःच्या माणसाचं टाळतात, आणि वर्षाची होईतो ते ओसरतं. या वयात सर्वाधिक कुत्री घराबाहेर काढली जातात असं मला माझ्या कामात दिसत आलं आहे. लोकांना वाटतं, इतकं केलं ते वाया गेलं.

"म्हणजे नातवासारखंच," काका म्हणाले.

आम्ही तांबूला दहा मीटरची सुती दोरी बांधली आणि रिकाम्या प्लॉटवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकदाच हाक मारायची. आला तर चिकन, आणि लगेच पुन्हा खेळायला मोकळं सोडायचं. हाकेनंतर दरवेळी घरी नेलं तर कोण येईल? नाही आला तर ओरडायचं नाही, दोरी हळूच गोळा करत जवळ जायचं. काकांनी वहीत नवं पान काढलं आणि दोन रकाने आखले, "आला" आणि "नाही". पहिल्या पानावर दुसरा रकाना भरत गेला. मी त्यांना सांगितलं आहे की पान भरलं की फोटो पाठवा, मी दर रविवारी बघते. परवाच्या पानावर पहिल्या रकान्याची बेरीज मोठी आहे, आणि पाऊस थांबला की आम्ही दोरी पंधरा मीटरची करणार आहोत.